उणे दोन क्षेत्रफळ : उच्च गणिताच्या पेपरवाल्यांना खुले पत्र

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या उच्च गणिताचा अभ्यासक्रम आखणाऱ्या आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींना,

स. न. वि. वि.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते. पुढे तुमच्या चुका काढायच्या आहेत, तेव्हा आधी आपली झोळी रिकामी केलेली बरी.

काही वर्षांपूर्वी इंटिग्रेशनचा धडा संपल्यावर मी वर्गाची २० गुणांची चाचणी घेतली. घाईघाईत काढलेली. त्यातला एक प्रश्न असा : एक भागिले क्ष वर्ग या फलाचं (फंक्शनचं) उणे एकपासून एकपर्यंत संकलन करा (म्हणजे त्याच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा), गुण ४. मला लिहायचं होतं एकपासून दोनपर्यंत, हात घसरला आणि उणे एक ते एक लिहिलं गेलं. तेही चालून गेलं असतं. पण नमुना उत्तर लिहायला बसले तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही. क्षचा घात उणे दोन, म्हणून प्रतिविकलज, म्हणजे ज्याचं विकलन केलं की मूळ फल परत मिळतं ते, उणे एक भागिले क्ष. वरची किंमत घातली, उणे एक. खालची घातली, एक. वजाबाकी केली, उणे दोन. भोवती चौकट काढली आणि चहाला उठले.

जवळजवळ अख्ख्या वर्गाचं उत्तर उणे दोन आलं. मी बरोबरच्या खुणा करत सुटले. चारपैकी चार, चारपैकी चार.

एकीच्या पेपरात मात्र चौकटच नव्हती. तिने आलेख काढला होता : अक्षाच्या वर दोन फांद्या, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि दोन्ही मधल्या शून्यापाशी कागदाबाहेर चढत गेलेल्या. खाली पेन्सिलीने एक ओळ, ‘सगळा आलेख अक्षाच्या वर आहे, मग क्षेत्रफळ उणे कसं येईल?’ पुढे काही नाही. उत्तर नाही म्हणून मी तिला शून्य दिलं.

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. भांडायला नाही. म्हणाली, ‘‘मॅडम, मार्कांचं राहू दे, पण हे उणे येतं कसं ते सांगा ना.’’ मी तिच्या आलेखाकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. इतकी वर्षं हा विषय शिकवते आहे मी! जे फल कधी शून्याच्या खाली उतरतच नाही, त्याच्याखालचं क्षेत्रफळ मी उणे दोन काढलं होतं, चौकटीसकट. वर्गातल्या हुशार म्हणवणाऱ्या एकालाही त्यात काही खटकलं नव्हतं, कारण खटकण्याचं खातंच आम्ही बंद करून टाकलेलं.

पुढचे दोन तास आम्ही दुसरं काही केलं नाही. शून्याला हातच लावायचा नाही असं ठरवलं आणि ०.१ पासून १ पर्यंतचं क्षेत्रफळ काढलं. आलं ९. मग ०.०१ पासून, आलं ९९. ०.००१ पासून, ९९९. चौथ्या वेळी कोणी पेन उचललंच नाही. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, ‘‘म्हणजे हे थांबणारच नाही.’’ तोवर त्या मुलाने वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. मग कोणीतरी विचारलं की आपली रीत चुकली कुठे, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या वर्गाने प्रमेयाच्या सुरुवातीची ती रटाळ अट नीट वाचली : ‘फल त्या संपूर्ण अंतरात संतत असेल तर’, म्हणजे त्याचा आलेख मध्ये कुठे तुटत नसेल तर. शून्यापाशी आपलं फल संतत तर नाहीच, तिथे त्याला किंमतच नाही. ही ओळ मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते आणि मुलं दरवर्षी उतरवून घेत होती. ती तिथे का आहे, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

आता तुमच्याकडे येते.

माझ्या चाचणीत जे झालं, ते तुमच्या पेपरात होत नाही. मला तेच खटकतं. तुमच्या पेपरात असा प्रश्न चुकूनसुद्धा येत नाही. दिलेलं प्रत्येक फल सुटणारं. प्रत्येक मॅट्रिक्स उलटवता येणारी, आणि नसलीच तर ‘उलटवता येत नाही हे दाखवा’ असं आधीच सांगून ठेवलेलं. प्रत्येक अट पाळलेली. मुलांनी संशय घ्यावा अशी एकही जागा तीन तासांत येत नाही, म्हणून मुलं संशय घ्यायचं सोडून देतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘मॅडम, हे कुठल्या टाइपचं?’’ टाइप कळला की रीत आठवायची, रीत आठवली की स्टेप मार्क सुटत नाहीत. प्रमेयांच्या सिद्धता तर सरळ ऑप्शनला टाकतात. मुलांचं हे वागणं अगदी शहाणपणाचं आहे. पेपर जे मागतो तेच ती देतात. मीही वर्षानुवर्षं तेच दिलं.

शेवटच्या वर्षाच्या कोणत्याही मुलाला डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते विचारून बघा. बहुतेक उत्तर येईल, ‘‘पॉवर पुढे आणायची आणि एकने कमी करायची.’’ ही व्याख्या नव्हे, ही कृती झाली. मूळ व्याख्येवरून क्ष वर्गाचं विकलन (म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं) फळ्यावर करताना मात्र एक गंमत होते. आधी आपण एच या छोट्या वाढीने भागतो, म्हणजे एच शून्य नाही. दोन ओळी खाली तोच एच शून्य धरून खोडून टाकतो. चाळीस मुलांत एखाद्याची भुवई वर जाते. त्याला ‘लिमिट आहे ना, म्हणून चालतं’ असं सांगून आपण पुढे सरकतो.

ती भुवई काही साधी नाही. जर्मन गणिती लायब्निट्सने आपलं कलन (कॅल्क्युलस) १६८४ मध्ये छापलं. १७३४ मध्ये बर्कली नावाच्या बिशपने नेमकं हेच विचारलं, की हा तुमचा एच आहे की नाही ते एकदा ठरवा. निघून गेलेल्या राशींची भुतं म्हणून त्याने त्याची टरही उडवली. लिमिटच्या पायावर कलनाची नीट मांडणी फ्रेंच गणिती कोशीने केली ती १८२१ मध्ये, आणि आज एप्सिलॉन-डेल्टा म्हणून जी काटेकोर व्याख्या शिकवतात ती जर्मन गणिती वायरस्ट्रासच्या हातून घडायला आणखी काही दशकं गेली. थोडक्यात, जी शंका दूर करायला जगातल्या उत्तम डोक्यांना शंभरावर वर्षं लागली, ती आपण एका तासात, घंटा व्हायच्या आत मिटवतो. आणि त्याच कोशीच्या त्याच १८२१ च्या ग्रंथात एक विधान चुकलेलं आहे : संतत फलांच्या अभिसारी (म्हणजे बेरीज एका ठराविक किमतीकडे जाणाऱ्या) श्रेणीची बेरीज नेहमी संततच असते, असं त्याने लिहिलं. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेलने याला अपवाद आहेत हे दाखवलं. तेव्हा आबेल जेमतेम चोविशीत होता, आपल्या मुलांहून सहा-सात वर्षांनी मोठा. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं सावरून बसतात. एवढ्या मोठ्या माणसाचंही चुकतं आणि ती चूक एक पोरगा दाखवून देऊ शकतो, हे त्यांना खूप आवडतं. पेपरात मात्र याला जागा नाही, त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की मीच असल्या गोष्टी गुंडाळून ठेवते. सराव परीक्षा डोक्यावर असतात.

संमिश्र संख्यांचं तर आपण पार वाटोळं केलं आहे. धड्याची पहिलीच ओळ : ‘आय या संख्येचा वर्ग उणे एक मानू.’ का मानू? तर क्ष वर्ग अधिक एक बरोबर शून्य या समीकरणाला उत्तर हवं म्हणून. चाणाक्ष मूल लगेच म्हणतं, नसेल उत्तर तर नसू दे, कोणाचं काय अडलंय? आणि ते बरोबरच म्हणतं. त्या समीकरणासाठी कोणाचंच काही अडलं नव्हतं. अडलं ते घन समीकरणापाशी. क्षचा घन बरोबर १५ क्ष अधिक ४ हे समीकरण घ्या. याचं एक उत्तर ४ आहे, हे कोणीही तोंडी पडताळेल : डावीकडे ६४, उजवीकडे ६० अधिक ४. पण इटालियन गणिती कार्दानोने १५४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रात हेच समीकरण घातलं की बाहेर पडतं दोन घनमुळांची बेरीज, एक ‘२ अधिक उणे १२१ चं वर्गमूळ’ याचं आणि दुसरं ‘२ वजा उणे १२१ चं वर्गमूळ’ याचं. उत्तर ४ आहे हे समोर दिसतंय आणि सूत्र मात्र उणे संख्येचं वर्गमूळ मागतंय. आता काय करायचं? सूत्र टाकून द्यायचं, की त्या अशक्य वर्गमुळाला हाताशी धरून पुढे जायचं?

१५७२ मध्ये बोंबेल्ली हा दुसरा इटालियन गणिती पुढे गेला. २ अधिक आय याचा घन करून बघा : ८, अधिक १२ आय, वजा ६, वजा आय. म्हणजे २ अधिक ११ आय. आणि ११ आय म्हणजेच उणे १२१ चं वर्गमूळ. तेव्हा पहिलं घनमूळ २ अधिक आय, दुसरं २ वजा आय, बेरीज ४. आय मधे आला, काम केलं आणि निघून गेला. हे फळ्यावर पहिल्यांदा केलं तेव्हा वर्गात अशी शांतता पसरली की बाहेरचा पंखा ऐकू यावा. एकाने विचारलं, ‘‘म्हणजे खऱ्या उत्तरापर्यंत पोचायला खोट्यातून जावं लागलं?’’ मी म्हटलं, खोटं का म्हणतोस? आणि त्यावर अर्धा तास वाद झाला. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या अर्ध्या तासांपैकी तो एक. या सगळ्याला लागतो फक्त घनाचा विस्तार, तो मुलांना दोन वर्षं आधीपासून येत असतो. तरी धड्यात हे नाही. धड्यात आहे आयचा घात २०२३ काढा. चारने भागा, बाकी बघा, झालं.

एक गोष्ट आणखी, मग मागण्यांकडे वळते. इंटिग्रेशनच्या धड्यात सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स असे टाइपवार स्वाध्याय असतात आणि त्यातलं प्रत्येक गणित सुटतं. मुलांचा समज होतो की युक्ती सापडली की कुठलंही फल शरण येतं. मग त्याच अभ्यासक्रमात पुढे, संभाव्यतेच्या धड्यात, नॉर्मल वितरणाचा घंटेच्या आकाराचा आलेख येतो आणि त्याच्याखालचं क्षेत्रफळ ‘तक्त्यावरून काढा’ असं सांगितलं जातं. तक्ता कशाला? आपल्याला एवढं इंटिग्रेशन येतं ना? हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. कारण असं आहे की ‘ईचा घात उणे क्ष वर्ग’ या साध्यासुध्या दिसणाऱ्या फलाचं प्रतिविकलज आपल्या ओळखीच्या फलांमध्ये लिहिताच येत नाही. आपल्याला जमत नाही असं नव्हे, ते तसं असूच शकत नाही, आणि असं सिद्ध करण्याची वाट फ्रेंच गणिती लिऊव्हिलने १८३० च्या दशकात घालून दिली. हे दोन धडे एकमेकांना लागून आहेत. मध्ये भिंत घातली कोणी? तुम्ही आणि आम्ही मिळून.

कोणी म्हणेल, बाई इतिहासात रमल्या, शाळेत एवढं कशाला. तर शाळेत कलन आलं त्यालाही फार काळ झालेला नाही. जर्मन गणिती फेलिक्स क्लाईन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शालेय गणितासाठी केलेल्या १९०५ च्या मेरान आराखड्यात फलाच्या कल्पनेला शालेय गणिताचा कणा करा असा आग्रह धरला, आणि कलनाने शाळेचा उंबरठा ओलांडावा म्हणून क्लाईन पुढेही झटत राहिला. त्याला फलावर विचार करणारी मुलं हवी होती. सूत्रांचा तक्ता त्याने मागितला नव्हता. त्याची आणखी एक तक्रार होती : विद्यापीठात गेल्यावर मुलाला शाळेचं गणित विसरावं लागतं, आणि शिक्षक होऊन शाळेत परतल्यावर विद्यापीठाचं. मी स्वतः दोन्ही वेळा विसरले आहे, म्हणून सांगते, माणसाचं म्हणणं खरं आहे.

तुमची अडचण मला ठाऊक नाही असं समजू नका. मीही पेपर तपासते. हजारो उत्तरपत्रिका शेकडो हातांखालून जातात, सगळ्यांना एकच माप लागलं पाहिजे, नाहीतर फेरतपासणीच्या अर्जांचा ढीग लागतो. चौकटीतलं उत्तर जुळवणं सोपं. ‘विचार केला आहे का’ याला गुण देणं अवघड. शिवाय तयार टाइप हा कच्च्या मुलाचा आधार असतो, तो काढून घेतला तर ते बुडेल, ही भीतीही खोटी नाही. माझ्याच वर्गात अशी मुलं आहेत आणि त्यांना मी अजूनही टाइपच शिकवते. पण आजच्या पद्धतीत कोणाचा बळी जातो तेही बघा. रीत न कळणाऱ्याचा तर जातोच. त्याच्याबरोबर, रीत येत असून मध्येच थबकणाऱ्याचाही जातो. थबकायला वेळ नसतो. तीन तासांत तीस-पस्तीस उपप्रश्न म्हणजे एकेकाला पाच-सहा मिनिटं. एवढ्या वेळात आठवता येतं, विचार करता येत नाही. ज्या विषयाचं नाव आपण ‘उच्च’ गणित ठेवलं, त्यात सगळ्यात जास्त किंमत हाताच्या वेगाला.

म्हणून मागणी फार मोठी नाही. पेपरात एक प्रश्न, चार-पाच गुणांचा, असा ठेवा की ज्याचं उत्तर ‘हे असं करता येत नाही, कारण...’ असं सुरू होईल. किंवा एक सोडवलेलं उदाहरण छापा आणि त्यातली चुकीची पायरी शोधायला सांगा. किंवा एन वर्ग अधिक एन अधिक ४१ हे सूत्र द्या, जे एनच्या ० ते ३९ या चाळीसही किमतींना मूळ संख्याच देतं, आणि विचारा, ‘नेहमीच देईल हे मान्य आहे का?’ (एन ४० ला १६८१ येते, म्हणजे ४१ चा वर्ग. चाळीस वेळा खरं ठरलेलं एकेचाळिसाव्या वेळी पडतं. गणिती विगमन (इंडक्शन) कशासाठी लागतं हे सांगायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.) आणि तो प्रश्न पर्यायात टाकू नका. पर्यायात टाकलात तर तो ऑप्शनलाच जाईल, आणि मीच मुलांना तसा सल्ला देईन.

वेळ कुठून काढायचा? सूत्रांचा कागद प्रश्नपत्रिकेबरोबर द्या. चार दिशांना तोंड केलेले चार पॅराबोला आणि प्रत्येकाचं फोकस, डायरेक्ट्रिक्स, लॅटस रेक्टम असा तक्ता पाठ करण्यात मुलांचे आठवडे जातात, आणि परीक्षा संपल्यावर तो तक्ता कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्याही राहत नाही, दरवर्षी शिकवण्याआधी बघून जाते. एक पॅराबोला नीट समजला तर उरलेले तीन कागद फिरवून मिळतात. इंटिग्रेशनच्या दोन-तीन रीती निघाल्या तरी कुणाचं बिघडणार नाही, संगणक ते काम आपल्याहून चोख करतो. क्षेत्रफळ उणे आलं हे बघून ‘थांबा’ म्हणणारं माणूस मात्र लागेल.

ती मुलगी पुढे गणिताकडे गेली नाही. तिला ते नकोच होतं, तिचं मन दुसरीकडे होतं आणि ती तिकडे गेली. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वाटेल मी एखादी गणितज्ञ घडवल्याची फुशारकी मारते आहे. त्या दिवशी तिच्या शून्याचे मी चार केले. बाकीच्यांच्या चारांचं काय करायचं यावर शिक्षक-खोलीत बरीच चर्चा झाली. शेवटी तो प्रश्नच रद्द केला. तेही मला आता पटत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
उच्च गणिताची एक शिक्षिका

ता. क. गुणवाटणी कशी करायची हा तुमचा आक्षेप येणारच, म्हणून माझ्याच प्रश्नाची करून देते. शून्यापाशी फलाला किंमत नाही हे ओळखलं, १ गुण. फल सगळीकडे धन असताना उत्तर ऋण येतं हे दाखवलं, १ गुण. ०.१, ०.०१ असं शून्याच्या जवळ जात क्षेत्रफळ वाढतच राहतं हे कुठल्याही प्रकारे मांडलं, २ गुण. नुसता आलेख काढून पेन्सिलीने प्रश्न विचारला, तरी पहिले २ द्यावेत. उणे दोन लिहून चौकट काढली तर ०. या हिशेबाने त्या वर्षी माझ्या नमुना उत्तरालाही शून्यच मिळतं.